मोटार जळण्याआधी मेगर लावा



गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखान्यात एक काम न चुकता होते. बॉयलर पेटण्याच्या आधी विद्युत विभागाची माणसे एक लहानशी पेटी घेऊन मिलपासून पॅनपर्यंत आणि सेंट्रिफ्युगलपासून पाण्याच्या पंपापर्यंत प्रत्येक मोटारीपाशी जातात. पेटीच्या दोन तारा मोटारीला लावतात, मिनिटभर हँडल फिरवतात आणि काट्याने दाखवलेला आकडा वहीत लिहितात. पावसाळ्यात बंद राहून ज्या मोटारीने ओल धरली असेल तिचा आकडा कमी येतो. ती मोटार सुरू करत नाहीत. आधी तिला सुकवतात, पुन्हा आकडा घेतात, मगच बटण दाबतात. ह्या पेटीला मेगर म्हणतात.

आता आपल्या शेताकडे वळू. ज्या उसावर हा सगळा कारखाना उभा आहे त्या उसाला पाणी देणारी मोटारसुद्धा पावसाळ्यात बंदच असते. तिच्यातही ओल शिरते. पण तिला मेगर लावलेला आम्हाला क्वचितच दिसतो. दसऱ्याला तिची पूजा होते, हळदकुंकू लागते, फूल वाहिले जाते आणि लगेच स्टार्टर दाबला जातो. पूजा जरूर व्हावी, तिला आमची ना नाही. आमचे म्हणणे इतकेच की पूजेच्या आदल्या दिवशी मोटारीला मेगरही लागावा. प्रत्येक सभासदाच्या मोटारीची वर्षातून दोनदा ही तपासणी व्हावी आणि तिची सोय कारखान्याच्या गट कार्यालयाने करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत का झाले ते ह्या लेखात मांडतो.

ऊस विकास खात्याचा मोटारीशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे काम बेणे, खत, लागवड आणि तोडणीची नोंद. मोटार ही वायरमनची बाब. पण उसाचे टनेज पाण्यावर ठरते हे आपण सगळेच जाणतो. आपल्या भागातली सुरू लागवड डिसेंबर ते फेब्रुवारीत होते. तिचे फुटवे मार्च ते मे या काळात निघतात, आणि नागपूरकडचा उन्हाळाही नेमका तेव्हाच ४५ अंशाच्या घरात जातो. समजा, एका सभासदाचे पाणी दहा दिवसांच्या पाळीने फिरते आहे. मोटार जळाली, ती काढून तालुक्याला नेली, दुकानात नंबर लागला, बांधून परत आली, ह्यात पाच दिवस गेले तर दहाची पाळी पंधरावर जाते. मे महिन्यात ही पाच दिवसांची ओढ पडली तर फुटवे मरतात, आणि मेलेले फुटवे नंतर कितीही युरिया टाकला तरी परत येत नाहीत. पुढे तोडणीच्या वेळी वजन कमी भरले की दोष बेण्याला जातो, खताला जातो. जळालेल्या मोटारीची आठवण तोवर कोणाला राहत नाही. म्हणून मोटार हा ऊस विकासाचाच विषय आहे असे आम्ही धरतो.

“चालून राहिली ना, मंग कायले?”

तपासणीचे नाव काढले की शिवारात हमखास एक उत्तर मिळते. “मोटर तर चालून राहिली ना साहेब, मंग कायले हात लावता तिले?” ह्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. चालत्या मशिनीला उगीच खोलू नये हे शहाणपणच आहे. पण मेगर लावण्यासाठी मोटार खोलावी लागत नाही. स्टार्टरमधून तिच्या तारा सोडवल्या की झाले.

दुसरे असे की, चालत असलेली मोटार चांगलीच असते हा समज खरा नाही. मोटार एका दिवसात जळत नाही. जळण्याचा दिवस एक असतो, पण बिघाड त्याआधी कित्येक महिने आत चाललेला असतो. वरून तिचा आवाज तोच, पाण्याची धार तीच, मीटरचा काटाही तोच. बिघाड मोटारीच्या इन्सुलेशनमध्ये असतो, आणि ते डोळ्याला दिसत नाही.

इन्सुलेशन म्हणजे विजेचा धुरा

मोटारीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तारेवर रोगणाचा पातळ थर असतो, लोखंडी खाचेत ती बसवताना खाली कागदाचे अस्तर घालतात आणि शेवटी सगळे वेटोळे व्हार्निशमध्ये भिजवून भाजतात. थर, कागद आणि व्हार्निश मिळून जे होते ते इन्सुलेशन. वीज तांब्यातूनच वाहावी, लोखंडी अंगात उतरू नये, हे त्याचे काम.

धानाच्या बांधीला जसा धुरा तसे तांब्याला हे इन्सुलेशन. धुरा पक्का असला तर पाणी बांधीत राहते. धुऱ्याला उंदराने किंवा खेकड्याने बारीक भोक पाडले तर आधी नुसता पाझर लागतो. तो पाझर माती सैल करतो, भोक मोठे होते आणि एका रात्री धुरा फुटतो. विजेचेही तसेच आहे. व्हार्निशला बारीक तडा गेला, त्यात ओल आणि धूळ बसली की तांब्यातून लोखंडाकडे अगदी थोडी वीज पाझरू लागते. त्या जागी उष्णता होते, कागद करपतो, पाझर वाढतो. शेवटी एक दिवस तार थेट लोखंडाला टेकते. फ्यूज उडतो, जळका वास येतो आणि मोटार गेली असे आपण म्हणतो.

इन्सुलेशनचे शत्रू मुख्यतः चार. पहिला ओल. चालती मोटार स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते, बसलेली मोटार हवेतली ओल पिते. म्हणून पावसाळ्यात विहिरीवर फाटक्या ताडपत्रीखाली बसून राहिलेल्या मोटारीला जास्त जपावे लागते. दुसरा शत्रू उष्णता. व्होल्टेज कमी असताना किंवा तिनांतला एक फेज गेला असताना मोटार चालवली की तिचे वेटोळे तापते. वेटोळ्याचे तापमान मर्यादेपेक्षा दहा अंशांनी जास्त राहिले तर इन्सुलेशनचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा विद्युत शास्त्रातला जुना ठोकताळा आहे. तिसरा शत्रू धूळ, तेल आणि खताची भुकटी. हे थर ओल धरून ठेवतात. चौथा शत्रू उंदीर, पाल आणि मुंग्या. स्टार्टरच्या पेटीत मेलेली पाल किती जणांनी पाहिली असेल ते सांगायला नको.

मेगर काय करतो

इन्सुलेशन विजेला किती अडवते हे मापणे म्हणजेच त्याचा रोध मापणे. रोधाचे एकक ओहम. चांगल्या इन्सुलेशनचा रोध इतका मोठा असतो की तो लाखांत मोजावा लागतो. दहा लाख ओहम म्हणजे एक मेगओहम. सिडनी एव्हरशेड ह्या इंग्रज अभियंत्याने १८८९ साली इन्सुलेशन मापणारे उचलून नेता येईल असे यंत्र बनवले. पुढे १९०३ साली मेगर हे नाव त्याच्या कंपनीने नोंदवले. मूळ नाव एका कंपनीचे, पण आज कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला आपला वायरमन मेगरच म्हणतो.

काही जण म्हणतील, आमच्या वायरमनजवळ मल्टिमीटर आहे, टेस्ट लॅम्प आहे, मग वेगळा मेगर कशाला? ह्याचे उत्तर पाइपलाइनच्या उदाहरणाने देता येते. जमिनीत गाडलेली पाइपलाइन गळते का हे तिच्यात तांब्याभर पाणी ओतून कळत नाही. पंप लावून दाब द्यावा लागतो, तेव्हा कमजोर सांधा बोलतो. मल्टिमीटरच्या आत लहानशी बॅटरी असते. तिच्या दाबाने इन्सुलेशनमधला कमजोर भाग उघडा पडत नाही. मेगर आपल्या पंपाच्या मोटारीला ५०० व्होल्टचा एकदिश दाब देतो, म्हणजे मोटारीला रोज सोसावा लागतो त्याच्या बरोबरीचा. त्या दाबाने किती वीज पाझरली ते तो मापतो आणि व्होल्टला त्या पाझराने भागून रोध दाखवतो. ५०० व्होल्टला अर्धा मिलिअँपिअर पाझरला तर रोध १ मेगओहम. पाझर त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका असेल तर १०० मेगओहम. इतकाच हिशेब. पाझर थोडा असल्याने ह्या तपासणीत चांगल्या मोटारीला काही इजा होत नाही.

आपल्या पारशिवनी तालुक्याच्या सभासदांना हे काम परके वाटू नये. पेंचवर तोतलाडोहला प्रत्येकी ८० मेगावॅटचे दोन जलविद्युत संच आहेत. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रेही आपल्या पेंचचे पाणी वापरतात. असले संच बराच काळ बंद राहिले की पुन्हा सुरू करण्याआधी त्यांच्या इन्सुलेशनचा रोध मापण्याची वीज धंद्यातली सर्वमान्य पद्धत आहे. तेथे दाब जास्त देतात आणि दहा मिनिटांचा आकडा एका मिनिटाच्या आकड्याशी ताडून पाहतात. तत्त्व मात्र आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीला लागू होते तेच. नवेगाव खैरीच्या कालव्यावर बसलेल्या पंपाने तोतलाडोहच्या संचाइतकी काळजी घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. वर्षातून दोनदा पंधरा मिनिटे द्यावीत, एवढेच म्हणतो.

आकडा कसा वाचावा

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट लावून जोडणीचा रोध निदान १ मेगओहम असावा असे घातले होते. २०२३ साली त्या नियमांच्या जागी नवे नियम आले, पण किमान १ मेगओहम ही खूण वायरमन मंडळींत आजही पक्की आहे. लहान मोटारींसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक त्याहून कडक आहे. ते ४० अंश तापमानाला निदान ५ मेगओहम मागते. सभासदांनी व्यवहारात असे धरावे :

१ मेगओहमच्या खाली : मोटार सुरू करू नये.
१ ते ५ : मोटार सुकवावी, पुन्हा मापावी.
५ ते २० : चालवावी, पण महिन्याभराने पुन्हा पाहावी.
२० च्या वर : निश्चिंत राहावे.

नवी किंवा नीट बांधलेली मोटार बहुधा १०० च्या पुढे दाखवते.

पण एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची असते. समजा, एका मोटारीने दसऱ्याला २०० दाखवले, होळीला १२०, पुढच्या दसऱ्याला ५० आणि त्यापुढच्या होळीला १२. हे १२ एकटे पाहिले तर कोणी म्हणेल, चांगली आहे, किमान तर १ चाच आहे. पण चारही आकडे एका ओळीत वाचले की मोटार उतरणीला लागली हे कोणालाही कळेल. उन्हाळ्याच्या तोंडावर ती बांधून घेणे शहाणपणाचे. म्हणून आकडा तोंडी ठेवू नये, वहीत लिहावा. दूध डेअरीची वही आपण जपतोच. तिच्याच मागच्या दोन पानांवर मोटारीची नोंद होईल.

तारखेबरोबर वेळ आणि हवामानही लिहावे, कारण तापमान वाढले की इन्सुलेशनचा रोध कमी होतो. साधारण दर दहा अंशांना तो निम्मा होतो. जानेवारीच्या सकाळी २० अंशाला ४० मेगओहम दाखवणारी मोटार मे महिन्यात ४० अंशाला १० दाखवील आणि तरी तिच्यात काही बिघाड नसेल. दोन्ही वेळा सकाळी, मोटार थंड असताना आकडा घेतला तर तुलना बरोबर होते.

तपासणीची रीत

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. सभासदाने स्वतः हात घालू नये. पण वायरमन काय करतो आहे हे आपल्याला कळले पाहिजे, म्हणून क्रम देत आहोत.

१. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत. वीज नाही ह्याची टेस्टरने नव्हे, टेस्ट लॅम्पने खात्री करावी. आपल्याकडे पुरवठ्याच्या वेळा बदलत असतात. “आता लाइन नाही” ह्या भरवशावर कोणीही पेटीत हात घालू नये.

२. मोटारीच्या तारा स्टार्टरमधून सोडवाव्यात. कपॅसिटर, ऑटो स्विच, सिंगल फेज प्रिव्हेंटर असे काही जोडलेले असेल तर ते वेगळे करावे. नाही तर ५०० व्होल्टने त्यांतले बारीक भाग जळतात.

३. मेगरची एक तार मोटारीच्या तारेला आणि दुसरी मोटारीच्या अंगाला लावावी. अंगावरचा रंग थोडा खरवडून स्वच्छ लोखंडाला लावावी. रंगावर लावली तर आकडा खोटाच मोठा येतो.

४. हाताचा मेगर असेल तर मिनिटाला सुमारे १६० फेरे ह्या गतीने सारखे हँडल फिरवावे आणि पूर्ण एक मिनिटानंतर आकडा वाचावा. पहिल्या पाच सेकंदांचा आकडा धरू नये. फिरवताना तारांना हात लावू नये.

५. मोटारीची सहा टोके बाहेर असतील तर प्रत्येक वेटोळे अंगाशी आणि एकमेकांशी असे वेगवेगळे मापावे.

६. झाल्यावर तार अंगाला टेकवून वेटोळ्यात साठलेली वीज उतरवावी, मगच जोडणी करावी.

बोअरच्या सबमर्सिबल मोटारीसाठी वर काढण्याची गरज नाही. वरच्या पेटीत केबल सोडवून केबलचे टोक आणि अर्थ यांत मेगर लावावा. आकडा चांगला असेल तर केबल, सांधा आणि मोटार तिन्ही ठीक आहेत. आकडा वाईट असेल तर लगेच मोटारीला दोष देऊ नये. पंप वर काढावा, सांध्याशी केबल तोडावी, केबल वेगळी आणि मोटार वेगळी मापावी. आमच्या गटातल्या एका सभासदाने पंप जळाला असे समजून बांधायला द्यायची तयारी केली होती. वायरमनने सांध्याखाली मापले तेव्हा मोटार ठणठणीत निघाली, पाण्यातल्या सांध्यावरची पट्टी मात्र सुटलेली होती. नव्या सांध्याचा खर्च आणि मोटार बांधण्याचा खर्च यांत किती फरक आहे ते सभासदांना आम्ही सांगायला नको.

सौर पंपाबाबत एक सावधगिरी. ऊन आहे तोवर पॅनलच्या तारांत वीज असतेच, मेन स्विच बंद केला तरी. म्हणून सौर पंपाला गावच्या मेगरने हात लावू नये. ती तपासणी देखभालीचा करार असलेल्या कंपनीच्या माणसाकडून मागून घ्यावी, आणि आकडा त्याच्याकडूनही लिहून घ्यावा.

आकडा कमी आला तर

कमी आकडा म्हणजे दर वेळी जळालेली मोटार नव्हे. पुष्कळदा ती नुसती ओली असते. झाकणे काढावीत, धूळ झटकावी, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावी. ऊन नसेल तर मोटारीच्या पोटात किंवा खाली १०० वॉटचे एक-दोन पिवळे बल्ब लावून वर झाकण घालावे. बल्ब पोत्याला टेकू देऊ नये आणि राखणीला माणूस असावा. शेकोटीवर मोटार कधीही ठेवू नये, व्हार्निश करपते. सुकवताना आकडा पहिल्यांदा आणखी उतरतो, कारण मोटार तापते आणि आतली ओल पसरते. घाबरू नये. ओल निघाली की तो चढू लागतो आणि एका ठिकाणी टिकतो. तेव्हा काम झाले. दोनदा सुकवूनही आकडा वर येत नसेल तर मात्र मोटार बांधायलाच द्यावी.

बांधून आणतानाही मेगर विसरू नये. घाईच्या दिवसांत काही दुकानांत व्हार्निश नीट भाजले जात नाही, ओलेच वेटोळे बंद करून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. तीच मोटार महिन्याभरात परत दुकानात येते. म्हणून पैसे देण्यापूर्वी सभासदाने म्हणावे, “भाऊ, मेगर लावून दाखवा आणि आकडा बिलावर लिहा.” चांगला कारागीर हे आनंदाने करतो, कारण तो आकडा त्याच्याही कामाचा दाखला असतो.

मोटारीपेक्षा जीव मोठा

आतापर्यंत पैशाचे आणि पाण्याचे बोललो. जिवाचा प्रश्न ह्याहून मोठा आहे. इन्सुलेशनमधून पाझरलेली वीज मोटारीच्या अंगात येते. अर्थिंग चांगले असेल तर ती जमिनीत निघून जाते. अर्थिंगची तार तुटलेली असेल, किंवा उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल, तर ती माणसाची वाट पाहते. हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टला १ मेगओहमच्या इन्सुलेशनमधून सुमारे पाव मिलिअँपिअर पाझरतो, तो जाणवतही नाही. इन्सुलेशन त्याच्या शंभराव्या हिश्श्यावर, म्हणजे १० हजार ओहमवर आले, तर २३ मिलिअँपिअर. दहाच्या आसपास हाताची मूठ आवळते आणि सोडवता येत नाही. तिसाच्या पुढे श्वासावर आणि हृदयावर येते. आणि विशेष हे की २३ मिलिअँपिअर पाझरणारी मोटार फ्यूज उडवत नाही. ती खुशाल पाणी देत राहते! पहाटे चिखलात अनवाणी उभे राहून ओल्या हाताने स्टार्टरची लोखंडी पेटी उघडणारा माणूस कोण असतो? कधी आपला मुलगा, कधी सालदार. “पेटीला थोडा झटका लागते” असे जो सांगतो तो मोटारीचा आकडाच सांगत असतो. ते ऐकून पायाखाली कोरडी फळी टाकणे हा उपाय नव्हे. त्याच दिवशी पुरवठा बंद करून वायरमनला बोलवावे, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा आणि पाणी आहे का तेही पाहावे.

रानडुकरांसाठी तारेत वीज सोडण्याचा प्रकार जंगलालगतच्या शिवारात घडतो. तो गुन्हा आहे आणि माणूस-जनावर दोघांच्याही जिवावरचा आहे, एवढेच येथे सांगतो.

मेगर काय सांगत नाही

खोटी आशा दाखवणे आम्हाला मान्य नाही. मेगर म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. एकाच वेटोळ्यातल्या दोन तारा आपसांत टेकल्या असतील आणि लोखंडाला टेकल्या नसतील, तर मेगर चांगला आकडा दाखवील. एक फेज गेला असता चालू राहिलेली धडधाकट मोटारही जळते. त्यासाठी प्रिव्हेंटर हवा. जास्त भार पडला तर ओव्हरलोड रिले हवा, आणि तो पाचर मारून अडकवलेला नसावा. बेअरिंग खराब असेल तर ते कानाने ऐकावे लागते. पण ओल आणि हळूहळू चालणारा पाझर ह्या दोन गोष्टी ना प्रिव्हेंटर ओळखतो, ना रिले. त्या फक्त मेगर ओळखतो.

आमच्या सूचना

संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे आम्ही नम्रपणे ह्या सूचना ठेवतो.

एक : कारखान्याने प्रत्येक गट कार्यालयात ५०० व्होल्टचा एक मेगर ठेवावा. त्याची किंमत काही हजार रुपये आहे. गटातल्या एका सभासदाची एक मोटार वाचली तरी गावाचा पैसा निघतो.

दोन : गटवार एका परवानाधारक वायरमनशी ठरवून वर्षातून दोन फेऱ्या घ्याव्यात. पहिली पोळा ते दसरा या काळात, पावसाळ्यात बसलेल्या मोटारी सुरू होण्याआधी. दुसरी फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या पाळ्या सुरू होण्याआधी.

तीन : ऊस नोंदणीच्या वेळीच मोटारीचा मागचा आकडा विचारून नोंदवावा. लागवडीची तारीख आम्ही विचारतोच, त्यात एक रकाना वाढेल.

चार : फेरीत ज्याचा आकडा १ च्या खाली येईल त्या सभासदाला तेथल्या तेथे चिठ्ठी द्यावी आणि आठ दिवसांनी पुन्हा मापावे. नुसते सांगून निघून येऊ नये.

ह्याला विरोधही होईल. कारखान्याने आपली कामे करावीत, मोटारी सभासदांच्या आहेत, असे कोणी म्हणेल. त्यांना आमचे उत्तर असे की बेणे मळा सभासदांसाठीच आहे, माती परीक्षणही सभासदांसाठीच आहे. जमिनीचे माप कारखाना करून देतो, तर पाणी देणाऱ्या मोटारीचे माप करून द्यायला हरकत कोणती? एकट्याने मेगर घेणे लहान सभासदाला परवडत नाही, दोनशे सभासदांत मिळून एक मेगर सहज परवडतो. एकट्याला जे जमत नाही ते दहांनी मिळून करावे, ह्यासाठीच तर आपण शेअर घेतले.

दसरा येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. ज्यांची मोटार गेले तीन महिने बंद आहे त्यांनी ह्याच आठवड्यात वायरमनला बोलवावे आणि पहिला आकडा वहीत लिहावा. लिहिलेला आकडा गट कार्यालयात आणून दाखवलात तर तो कसा वाचायचा ते आम्ही समजावून देऊ.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, पारशिवनी गट